जुन्या मोटरसायकलचे मागचे शॉक: आहेत तेच दुरुस्त करायचे, साधे नवे घ्यायचे की गॅसचे?

खड्ड्यातून गेल्यावर गाडीचा मागचा भाग दोन-तीनदा हेलकावत राहिला की शॉक संपले असं आपण धरून चालतो. बहुतेकदा ते खरंही असतं. पण पैसे घालण्याआधी गाडी डबल स्टँडवर घ्या आणि मागचं चाक धरून आडवं हलवून बघा. स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरून वरखाली होणाऱ्या दांड्याच्या) पिव्हटपाशी, म्हणजे सांध्यापाशी, खटखट जाणवली तर तिथले बुश (सांध्यातल्या नळ्या) झिजलेत. ते न बदलता कितीही भारी शॉक लावले तरी वळणावर गाडी डुलायची थांबणार नाही. मग शॉकचा रॉड पुसून त्यावरून नख फिरवा. क्रोमवर नख अडकतंय का, यावरच पहिल्या पर्यायाचा निकाल लागतो.

तो पहिला पर्याय म्हणजे मूळ शॉक दुरुस्त करणं. याचा मोठा फायदा असा की लांबी, बुश, दिसणं सगळं मूळचंच राहतं आणि काहीही जुळवत बसावं लागत नाही. अडचण अशी की जुन्या शॉकपैकी बरेच कारखान्यातच दाबून बंद केलेले असतात. ते कापून, आटे पाडून पुन्हा बंद करायला चांगला लेथवाला लागतो. रॉडवर गंजाचे टोचे असतील तर नवं ऑइल सील लवकरच फाटतं, म्हणून रॉडला हार्ड क्रोम करून ग्राइंडिंग करावं लागतं. तेलाचं माप चुकवून चालत नाही. जास्त भरलं तर शॉक पूर्ण दबताना रॉडला आत जागा उरत नाही आणि सील फुटतं. कमी भरलं तर पिस्टन हवा ओढतो आणि डॅम्पिंग (हेलकावे शमवणारा तेलाचा अडथळा) मधेच गायब होतं. स्प्रिंग काढताना स्प्रिंग कॉम्प्रेसर (ती दाबून धरणारं अवजार) वापराच. दाबलेली स्प्रिंग हातातून सुटली तर बोटं मोडतात. गाडी मूळ रूपात ठेवायची असेल आणि रॉड स्वच्छ असेल, तर हा पर्याय सर्वात समाधानाचा आहे.

दुसरा पर्याय म्हणजे नवे ट्विन-ट्यूब शॉक. ब्रिटिश हॅगॉन किंवा कोनी या शॉक कंपनीच्या जुन्या रचनेवरून ऑस्ट्रेलियात बनणारे आयकॉन ही नावं जुन्या गाड्यांच्या बाबतीत सारखी कानावर येतात. आतल्या नळीत पिस्टन चालतो, बाहेरच्या नळीत जास्तीचं तेल राहतं. दाब कमी असल्यामुळे सीलचं घर्षण कमी, म्हणून छोट्या खाचखळग्यांवर गाडी मऊ चालते. उणीव एकच, पण खरी: खराब रस्त्यावर बराच वेळ वेगात चालवली की तेल तापून फेसाळतं आणि डॅम्पिंग ढिलं पडतं. खोक्यात आडवा पडलेला शॉक लावण्याआधी उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबा-सोडा, म्हणजे आतल्या नळीत शिरलेली हवा निघते. तो उलटा मात्र लावू नका.

तिसरा पर्याय मोनोट्यूब गॅस शॉक. यात तरता पिस्टन तेल आणि नायट्रोजन वेगळे ठेवतो, त्यामुळे फेस होत नाही आणि उष्णता थेट बाहेर जाते. पण गॅसचा दाब रॉडला सतत बाहेर ढकलतो. १२ मिमीचा रॉड आणि १५ बार दाब धरला तर प्रत्येक शॉकमागे सुमारे १७ किलोचा जोर येतो. हलक्या गाडीवर स्प्रिंग निवडताना हे धरलं नाही तर मागचा भाग ताठ, उड्या मारणारा होतो. पिस्टन थेट बाहेरच्या नळीतच चालत असल्याने दगड लागून पोचा पडला तरी शॉक बाद होऊ शकतो. वेगळा गॅस डबा असलेला प्रकार घेणार असाल तर इंडिकेटर, सायलेन्सर, पॅनियरची (बाजूच्या सामान-पेट्यांची) चौकट यांच्यासाठी जागा आधी मोजा.

नवे घेताना खरी चूक ब्रँडपेक्षा मापात होते. चाक अधांतरी ठेवून वरच्या बोल्टच्या केंद्रापासून खालच्या बोल्टच्या केंद्रापर्यंत मोजा. आधीचे शॉक मूळचे नसतील तर मॅन्युअलमधलं माप धरा. व्हीलबेस (दोन चाकांच्या केंद्रांमधलं अंतर) १४०० मिमी असलेल्या गाडीचा मागचा भाग जास्त लांब शॉकमुळे २५ मिमी उचलला गेला की स्टेअरिंगचा कोन सुमारे १ अंशाने उभा होतो आणि ट्रेल (हँडलच्या अक्षाची रेषा जमिनीला जिथे मिळते तिथपासून पुढचा टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) सुमारे ६ मिमीने घटतो. सरळ रस्त्यावर हँडल चंचल होतं, डबल स्टँडवर चाक जमिनीला टेकतं आणि चेन स्विंगआर्मला घासू लागते.

शॉकच्या टोकांना असलेल्या रबरी बुशच्या भोकाचा व्यासही मोजा. अर्ध्या इंची स्टडवर (शॉक ज्यावर बसतो त्या आटेदार दांड्यावर), म्हणजे १२.७ मिमीवर, १२ मिमीचा बुश जाणार नाही. ड्रिल मारून तो मोठा करू नका. आतली नळी फिरते आणि रबर सुटतं. योग्य बुशच मागवा. बुशची स्टीलची नळी रबरापेक्षा किंचित लांब हवी, म्हणजे नट नळीला दाबेल, रबराला नाही. नवी नळी मूळपेक्षा आखूड असेल तर बंद टोकाचा डोम नट स्टडच्या टोकाला आपटून थांबतो. हाताला घट्ट वाटतो, पण शॉक सैलच राहतो. तिथे वॉशर घाला.

लावताना एका वेळी एकच बाजू सोडा, म्हणजे स्विंगआर्म जागेवर राहतो. जागा तपासताना मात्र स्प्रिंग काढलेला एक शॉक लावून, दुसरी बाजू मोकळी ठेवून चाक शेवटपर्यंत उचला. टायर आणि मडगार्डमध्ये किमान १० मिमी अंतर राहिलं पाहिजे, आणि चेनकव्हरला प्रीलोडची (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी) रिंग लागता कामा नये. नट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं.

मग सॅग, म्हणजे वजनाने गाडी मागे किती खाली बसते ते. चाकाचा प्रवास ८० मिमी असेल तर चालक बसल्यावर सुमारे २५ मिमी, नुसत्या गाडीच्या वजनाने ८-१० मिमी बसली पाहिजे. चालकासह माप बरोबर, पण नुसती गाडी जराही बसत नसेल, तर स्प्रिंग मऊ आहे आणि प्रीलोडने ती झाकली गेली आहे. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त उंची बदलते. म्हणून मागवतानाच स्वतःचं वजन आणि डबलसीटची सवय सांगा.

रस्त्यावरच्या साध्या वापरासाठी आमची पसंती रिबाउंड (दबलेला शॉक परत उघडतानाचं डॅम्पिंग) बदलता येणाऱ्या ट्विन-ट्यूबला आहे. सामान लादून, खराब रस्त्यावर लांब पल्ला करणार असाल तरच मोनोट्यूबचा खर्च करा. कोणतेही घ्या, पहिल्या १००-१५० किलोमीटरनंतर नट आणि सॅग दोन्ही पुन्हा तपासा. नवं रबर आणि स्प्रिंग तोवर थोडी बसलेली असतात.