वाचन-ग्रुपमधले नऊ महिने: भांडण चालेल, नमस्कार आवरा

दिवाळीनंतर एका मराठी वाचन-ग्रुपमध्ये शिरले. व्हॉट्सअ‍ॅपवरचा, 63 जणांचा. निम्मे आम्ही इंदूरचे, बाकी पुण्या-नागपूरचे आणि दोघी-तिघी परदेशात. पंधरवड्याला एक कथा किंवा चार-पाच कविता, आणि शुक्रवारी रात्री नऊपासून चर्चा. येताना भीती एकच होती, भांडणांची. ती फुकट गेली. त्रास झाला तो भलत्याच गोष्टीचा.

पहिले दोन महिने ग्रुप इतका गोड होता की जिलबी परवडली. कोणी चार ओळी लिहिल्या की खाली हात जोडलेले. ‘सुंदर’, ‘अप्रतिम’, ‘नेमकं टिपलंत’. कथा आवडली, की लिहिणारा आवडला, की ही नुसती पोच, काही कळेना. एकदा मी लिहिलं की लेखकाने शेवट गुंडाळलाय. त्याला अकरा नमस्कार आले. त्यातले चार अशा मंडळींचे, ज्यांनी दहाच मिनिटांपूर्वी त्याच शेवटाला अप्रतिम म्हटलं होतं! 2022 पासून मेसेजवरच इमोजी चिकटवता येतो म्हणून स्क्रीन तरी भरत नाही. बोलणं मात्र तिथेच खुंटतं.

जानेवारीत ग्रुप खऱ्या अर्थाने जागा झाला. विषय जुनाच, कलेसाठी कला की जीवनासाठी कला. कादंबरीकार ना. सी. फडके कलेच्या बाजूला, वि. स. खांडेकर जीवनाच्या. नागपूरच्या एका दादांनी निकालच लावला: खांडेकरांना 1974 चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं, म्हणजे त्यांची बाजू खरी. त्यावर एकीने विचारलं, ‘मग पद्मभूषण दोघांनाही आहे, त्याचं काय करायचं?’ तिसऱ्याने आठवण दिली की 1940 ला रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फडके आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला खांडेकर, म्हणजे त्या काळच्या वाचकांना दोघं चालत होते. रात्री साडेबारापर्यंत चाललं. आमच्या घरी वादाला ‘बहस’ म्हणतात, हिंदीतूनच आलेला शब्द. तर त्या रात्रीची बहस अशी होती की सकाळी ऑफिसला जाताना झोप डोळ्यांवर आणि तोंडावर हसू. कोणी कोणाला दुखावलं नाही, कारण जो तो मुद्द्याला मुद्दा देत होता.

दुखावलं फेब्रुवारीत, आणि तेही एका अनुस्वारावरून.

ग्रुपमध्ये आमच्या इंदूरचे एक काका आहेत, सत्त्याहत्तरचे. त्यांनी लिहिलं, ‘या कथेत कांहीं माणसांना नांवच नाहीं, तें खटकतें.’ पुण्याच्या एका दादांनी लगेच उत्तर टाकलं: ‘काका, काही, नाव, नाही, ते, खटकते. एका ओळीत पाच चुका. तुमच्याकडे हिंदीमुळे असं होत असेल.’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

काकांचं उत्तर एका ओळीचं होतं. ‘मी 1958 सालीं पांचवीत होतों. नियम 1962 चे.’

ज्यांना संदर्भ लागला नाही त्यांच्यासाठी: उच्चारात नसलेले, केवळ व्युत्पत्तीसाठी दिले जाणारे अनुस्वार साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनी काढून टाकले. काका त्याआधीच्या शाळेत शिकले, म्हणजे त्यांच्या हिशोबाने पाचही शब्द शुद्ध होते. मग आमच्यातल्या कोणीतरी चिडून लिहिलं की इंदूरला मराठी साहित्य संमेलन तीनदा झालंय, 1917, 1935 आणि 2001 ला, तेव्हा हिंदीचं आम्हाला सांगू नका. पुणेकर म्हणाले, संमेलन भरवलं म्हणून शुद्धलेखन येतं का? तिथून जे सुटलं ते सुटलंच. अ‍ॅडमिन ताईंनी शेवटी फक्त अ‍ॅडमिनना लिहिता येईल असं करून ठेवलं. आठ दिवस शांतता. मेसेज पुसणाऱ्यांनी आपापले पुसले, पण उत्तरं तशीच लटकत राहिली. आज कोणी मागे जाऊन वाचलं तर वाटेल, सात जण हवेशी भांडतायत.

आणि त्या आठ दिवसांत काका ग्रुप सोडून गेले ते आम्हाला कळलंच नाही! कोणी बाहेर पडलं की आता सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते, बाकीच्यांना नाही. मला कळलं रविवारी, पोह्याच्या गाडीवर. काका जीरावण मसाला टाकून घेत होते. मी म्हटलं, काका, त्या दादांचं मनावर घेऊ नका, ते सगळ्यांचंच शुद्धलेखन काढतात.

‘अगं, त्याचं कोण मनावर घेतंय?’ काका म्हणाले. ‘त्या माणसांना नावं का नाहीत, हे मी विचारलं होतं. एकाने तरी उत्तर दिलं का? तू दिलंस?’

मी नव्हतं दिलं. मी काकांच्या बाजूने तावातावाने तीन मेसेज टाकले होते. कथेबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

हे मी ताईंना सांगितलं. त्यांनी काकांना परत आणलं आणि ग्रुपच्या माहितीत दोन वाक्यं घातली. शुद्धलेखन सुधारायचं तर वैयक्तिक मेसेजमध्ये. आणि पटलं नाही तर ज्या ओळीशी पटलं नाही तीच ओळ पकडून उत्तर द्यायचं, नुसतं ‘नाही पटलं’ चालणार नाही. आधी शाळा वाटली. पण मेसेज धरून रिप्लाय करायचा म्हटलं की तो पुन्हा वाचावा लागतो, आणि पुन्हा वाचला की निम्म्या वेळा लक्षात येतं की समोरचा तसं म्हणतच नव्हता. दुसरा फायदा मला उशिरा उमगला. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत बदलता येतो. मी हल्ली आधी मनातलं सगळं लिहिते, पाठवते आणि लगेच त्यातलं ‘तुम्हाला कळलंच नाही’ काढते. काही जण त्याआधी वाचतात, त्याला इलाज नाही.

पुण्याच्या दादांनीच मग काकांची ती ओळ पकडून लिहिलं: ‘काका, नावं नाहीत कारण ही माणसं नात्यानेच ओळखली जातात, मोठी जाऊ, धाकटा दीर. मला तर तेच आवडलं.’ काका: ‘पटलें नाहीं. नात्यानें हांक मारली तरी माणसाला नांव असतेंच.’ त्यावर दोन शुक्रवार गेले. जावांचा अनुभव असलेल्या ज्या काकू एरवी फक्त नमस्कार पाठवायच्या, त्या तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. त्या लग्नानंतर सासरी सहा वर्षं ‘नवी’ म्हणून ओळखल्या जात होत्या. कथेवर त्या वर्षात आलेली ती सगळ्यात चांगली टिप्पणी होती.

तक्रारी अजून आहेत. सकाळचे फॉरवर्ड थांबलेले नाहीत. कवितेवर बोलताना लोक अजूनही घाबरतात, कवी ग्रुपमध्येच असला तर जास्तच. नागपूरचे दादा पुरस्कारांवरून निकाल लावायचं सोडत नाहीत. आणि ‘नम्रपणे सांगतो’ ने सुरू होणारा मेसेज मी आता चहा घेऊनच उघडते.

पाचपैकी साडेतीन देईन. अर्धा कापलाय तो व्हॉइस नोटचा. मागच्या शुक्रवारी पुणेकर दादांनी ग्रुपवरच विचारलं, ‘काका, कांहींमधला दुसरा अनुस्वार कशासाठी हो?’ काकांनी पावणेसहा मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली. मी दीडपट वेगाने ऐकली. दादा म्हणाले, पहिला पटला, दुसरा नाही. काका टाइप करतायत.