नववीच्या मुलांची इंग्रजी शब्दसंपदा आणि अँकी: काही महिन्यांच्या वापरानंतर

अमळनेर तालुक्यातील आमच्या शाळेत सेमी-इंग्रजीच्या नववीसाठी जूनपासून मी अँकी हे ठरावीक अंतराने कार्डांची उजळणी करून घेणारे अ‍ॅप वापरत आहे. अँड्रॉइडवर ते अँकीड्रॉइड या नावाने मोफत मिळते आणि एकदा कार्डांचा संच उतरवला की इंटरनेटशिवाय चालते. वडील शेतातून परतल्यावरच ज्या घरात फोन मुलांच्या हाती येतो, तिथे ही सोय फार मोलाची ठरते.

परदेशी प्रवेशपरीक्षांसाठीचे तयार संच मी घेतले नाहीत, कारण त्यांतील दुर्मीळ शब्द या वयात वाचनात येतच नाहीत. त्याऐवजी भाषा-अभ्यासक अव्हेरिल कॉक्सहेड यांची २००० साली प्रसिद्ध झालेली शैक्षणिक शब्दसूची निवडली. तिच्यात ५७० शब्दकुळे, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांचे गट, असून ती वापराच्या वारंवारतेनुसार १० उपसूच्यांत विभागली आहेत. पहिल्याच उपसूचीतील फॅक्टर, प्रोसेस, व्हेरी (vary, म्हणजे बदलणे) हे शब्द मुलांना विज्ञानाच्या पुस्तकात रोज भेटतात, त्यामुळे पाठांतराला लगेच उपयोग सापडतो. कार्डाच्या पुढच्या बाजूला गाळलेल्या जागेचे वाक्य आणि मागे व्हेरी, व्हेरिएबल, व्हेरिएशन असे सगळे कूळ, ही रचना सर्वांत फलदायी ठरली. वाक्ये मुलांनीच कापसाच्या भावावर, केळीच्या बागांवर तयार केली, आणि तीच त्यांच्या अधिक लक्षात राहिली.

अडचण आली ती दिवाळीच्या सुमारास. कापूस वेचणीमुळे आठवडा-आठवडा अभ्यास सुटला की उजळणीची थकलेली कार्डे साचतात आणि तो आकडा पाहूनच मूल अ‍ॅप बंद करते. रोज २० नवी कार्डे ही मूळची मर्यादा आमच्या मुलांना झेपणारी नाही. मी ती ५ वर आणली आणि वेचणीच्या दिवसांत शून्यावर ठेवून फक्त उजळणी चालू ठेवली. एका कुळाचे एक कार्ड धरले, तर रोज ५ या वेगानेही सगळी सूची चार महिन्यांत एकदा नजरेखालून जाते. घाई करण्याचे काहीच कारण नाही.

उत्तर आठवण्याआधीच कार्ड उलटण्याची सवय मात्र मोडावी लागते. त्यासाठी शब्द आधी वहीत लिहायचा आणि मगच कार्ड उलटायचे, असा नियम केला. शिवाय ओळखता येणारा शब्द निबंधात उतरतोच असे नाही. म्हणून दर शनिवारी त्या आठवड्यातील तीन शब्द वापरून मुले एक परिच्छेद लिहितात आणि वर्गात मोठ्याने वाचतात. शब्दयोजनेतील चुका तिथेच दिसतात, अ‍ॅपमध्ये नाही.

दहावीतही हाच संच पुढे चालवणार आहे; मात्र शेवटच्या उपसूच्यांपेक्षा विज्ञान आणि भूमितीच्या पाठांतील शब्दांना आधी जागा देईन.