खडक कशाने फुटतोय? कायिक आणि रासायनिक विदारण ओळखताना

उतार खोदायचा असो, पाया धरायचा असो की जुन्या दगडी भिंतीची डागडुजी करायची असो, समोरचा खडक कशामुळे खिळखिळा झाला हे आधी ठरवावं लागतं. बहुतेक जण तुकडे किती मोठे आहेत ते पाहून निकाल देतात, आणि तिथेच चूक होते. पाहायचं असतं तुकड्यातलं खनिज. कायिक विदारणात खडकाचे तुकडे होतात, पण खनिजं तीच राहतात. रासायनिक विदारणात खनिजच बदलतं.

डोळ्यांना संरक्षक चष्मा लावून हातोडीने ताजी फूट काढा आणि दहा पट भिंगाखाली धरा. ग्रॅनाइट असेल तर नजर फेल्डस्पारवर, म्हणजे त्यातल्या पांढऱ्या किंवा गुलाबी खनिजावर ठेवा. त्याचे सपाट पृष्ठ उजेडात चमकत असतील आणि चाकूने ओरखडा उठत नसेल, तर खनिज शाबूत आहे. फेल्डस्पार दुधाळ, निस्तेज दिसत असेल, चाकू रुतत असेल, तर त्याची केओलिन माती होऊ लागली आहे. काळं अभ्रक सोनेरी किंवा तांबूस पडलं असेल तर संशय आणखी पक्का होतो. क्वार्ट्ज (गारगोटीचं खनिज) पाहून मात्र काही ठरवू नका, तो दोन्हीकडे जवळपास तसाच राहतो.

कडांवरूनही अंदाज येतो. कायिक विदारणाचे तुकडे धारदार, कोनदार असतात. रासायनिक विदारणात पाणी कोपऱ्याला तीन बाजूंनी, कडेला दोन बाजूंनी आणि सपाट बाजूला एकाच बाजूने भिडतं, त्यामुळे चौकोनी ठोकळा गोल होत जातो आणि त्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. बेसाल्टमध्ये हे हमखास दिसतं. वरचा भार हटल्यावर ग्रॅनाइटचे जाड थर सुटतात, ते मात्र कायिक. हे थर डोंगराच्या पृष्ठाला समांतर आणि लांबरुंद असतात. गोट्याभोवतीचे पापुद्रे पातळ आणि बहुधा गंजलेले असतात.

उन्हाने खडक तडकतो हे आपण शाळेपासून ऐकतो, पण हे विधान जपून वापरावं. अमेरिकी भूशास्त्रज्ञ डेव्हिड ग्रिग्ज यांनी 1936 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ग्रॅनाइटचा गुळगुळीत तुकडा 89,400 वेळा तापवला आणि कोरड्या हवेत निववला. रोजचा एक फेरा धरला तर ही जवळपास 244 वर्षं झाली. तुकड्यात बदल दिसला नाही. निववताना पाणी वापरल्यावर मात्र थोड्याच फेऱ्यांत चमक गेली आणि भेगा आल्या. प्रयोगातला तुकडा लहान होता, निसर्गातल्या मोठ्या खडकावर ताण जास्त येतो हे खरं. तरी कोरड्या उष्णतेला सगळं श्रेय देण्याआधी ओलावा कुठून येतो ते शोधावं.

गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं. छिद्रं साधारण 91 टक्क्यांहून अधिक भरलेली असतील तरच हे फुगणं थेट त्रास देतं, नाहीतर बर्फाला जागा मिळते. म्हणून थंडीपेक्षा खडक किती भिजलेला आहे, हे अधिक महत्त्वाचं.

क्षारांचा प्रकार फसवा आहे. भिंतीला लोणा लागतो तेव्हा ते रासायनिक वाटतं, पण छिद्रांत वाढणारे स्फटिक कण ढकलून सुटे करतात, म्हणजे परिणाम कायिकच. सोडियम सल्फेट पाणी धरून स्फटिक झालं की त्याचं आकारमान तिपटीहून अधिक होतं. अशा दगडावर जलरोधक लेप दिला तर क्षार लेपाखाली साचतात आणि पापुद्र्यासकट पृष्ठ निघून येतं. आधी ओल बंद करा, मग क्षार काढा.

चुनखडकाची गोष्ट वेगळी. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने स्वच्छ पावसाचा सामू (pH) सुमारे 5.6 असतो आणि तेवढं आम्ल त्याला पुरतं. इथे तुकड्यांचा ढीग मिळत नाही, कारण खडक विरघळून वाहून जातो. ओळखायला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका: चुनखडक लगेच फसफसतो, त्याच्यासारखा दिसणारा डोलोमाइट खडक बहुधा भुकटी केल्यावरच.

दोन्ही प्रक्रिया एकमेकींना हात देतात. 1 मीटरच्या घनाचं पृष्ठफळ 6 चौरस मीटर. त्याचे 10 सेंटिमीटरचे घन केले तर ते 60 होतं. कायिक फुटीने पाण्याला दहापट जागा मिळते. म्हणून जुन्या उतारावर 'कोणतं एकच' असं विचारू नये, आज जोर कोणाचा ते विचारावं.

निर्णय त्यावर बेततो. कोनदार तुकड्यांच्या उतारातून पाणी निघून जातं. तिथला धोका दगड कोसळण्याचा, तेव्हा जाळी आणि खडकात बसवायचे लांब खिळे कामाचे. माती झालेला खडक पाणी धरून घसरतो, तिथे आधी निचरा हवा. मुठीएवढा कोरडा गोळा पाण्यात ठेवा, काही तासांत चिखल झाला तर उत्तर मिळालं. आणि पक्का खडक किती खोल आहे हे पाहायला मुरमात भोक पाडताना कठीण लागलं म्हणून थांबू नका. तो आतला न कुजलेला गोटा असू शकतो. निदान 3 मीटर ताजा खडक लागेपर्यंत, आणि आसपास मोठे गोटे दिसत असतील तर त्याहून खोल जा.