सिंकथिंग: दिवाळी अंकांचा हंगाम काढल्यानंतर

अप्पा बळवंत चौकाजवळ आमचं अक्षरजुळणीचं छोटं ऑफिस आहे. तिथे एक जुना मॅक आणि विंडोजचे पीसी, घरी कोथरूडला माझा लिनक्स लॅपटॉप, शिवाय जाहिराती नि फोटो ज्यावर येऊन पडतात तो अँड्रॉइड फोन. सगळीकडे एकच फोल्डर राहावं म्हणून गेल्या वर्षी, २०२५ च्या पावसाळ्याच्या तोंडावर, सिंकथिंग बसवलं; म्हणजे सगळ्या मशिनांवरचं एक फोल्डर आपोआप सारखं ठेवणारा प्रोग्रॅम. मराठी नावांच्या फायली रोज हाताळणाऱ्यांनी ते वापरावंच, असं माझं ठाम मत झालंय. वेग चांगला आहेच, पण खरं कारण वेगळं: ते परस्पर काही पुसत नाही आणि अडलं की सांगतं.

नावांचंच घ्या. 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या सर्वमान्य पद्धतीत, एकसंधही साठवता येतं, किंवा 'र' आणि खालचा नुक्ता (टिंब) असं दोन तुकड्यांतही. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलसिस्टीम (डिस्कवर फायली मांडून ठेवायची पद्धत) नावांचे असे तुकडे करूनच ठेवते. लिनक्स जसं दिलं तसं ठेवतं. पूर्वी आम्ही मॅकवरून आरसिंक या फायली कॉपी करायच्या प्रोग्रॅमने फायली उतरवायचो. त्यामुळे माझ्या लॅपटॉपवर 'कऱ्हाड प्रवास' नावाच्या दोन फायली शेजारीशेजारी बसलेल्या, डोळ्यांना काडीचा फरक दिसत नव्हता. एकीत लेखकाने तपासलेलं प्रूफ, दुसरीत त्याच्या आधीचं. सिंकथिंग फोल्डर स्कॅन करताना, म्हणजे तपासून बघताना, अशी नावं आपणहून एका रूपात आणतं. इथे मात्र दोन्ही रूपं हजर होती, तर एकीवर दुसरी न चढवता त्याने ती फाइल वगळली आणि तशी तक्रार दाखवली. मी दोन्ही उघडल्या, जुनीला वेगळं नाव दिलं, पुढच्या स्कॅनला काम मार्गी लागलं.

एक गोष्ट त्याच्याही हातात नाही. काही कीबोर्ड 'ऱ्ह' लिहिताना 'ऱ' न वापरता साधा 'र', हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. दिसायला तेच, पण युनिकोडच्या नियमांनी ही दोन नावं कधीच एक होत नाहीत. म्हणून ऑफिसात सगळ्यांना एकच कीबोर्ड लेआउट लावून दिला. लांब नावांचाही त्रास होतो. लिनक्सच्या एक्स्ट४ या फाइलसिस्टीममध्ये नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीत प्रत्येक अक्षर, मात्रा, हलंत ३ बाइट खातो. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं! विंडोजवर सुखाने बसलेलं, पण याहून लांबलेलं ऐसपैस नाव लिनक्सवर उतरतच नाही.

पेठांमध्ये रस्ता खणला की इंटरनेट जातं, हे कोणाला नवीन नाही. ऑफिसातली मशिनं मात्र राउटर चालू असेपर्यंत एकमेकांशी थेट बोलत राहतात, मधे कुठला क्लाउड लागत नाही. अशाच एका दिवशी संपादकताईंनी ऑफिसात शुद्धलेखन तपासलं आणि मी घरी त्याच लेखात चौकटी घातल्या. नेट आल्यावर ताईंचा फोन, "अरे, माझ्या दुरुस्त्या गेल्या की काय?" गेल्या नव्हत्या. आधी सेव्ह झालेली त्यांची प्रत नावात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट', तारीख आणि वेळ लावून शेजारीच ठेवलेली होती. दोन्ही प्रती जुळवायला वेळ गेला, पण एक वेलांटीसुद्धा हरवली नाही.

फोनवर जरा खटपट आहे. मूळ अँड्रॉइड अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं, मी सिंकथिंग-फोर्क, म्हणजे त्याच अ‍ॅपची इतरांनी पुढे चालवलेली आवृत्ती, वापरतो. बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून ते वगळलं नाही तर फोन त्याला झोपवतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये २.० आवृत्ती आली. फायलींच्या नोंदी ठेवणारा आतला डेटाबेस लेव्हलडीबी या प्रकारावरून एसक्यूलाइट या प्रकारावर गेला, आणि पहिल्यांदा सुरू करताना हे स्थलांतर मोठ्या फोल्डरला बराच वेळ खातं. छपाईच्या आदल्या दिवशी अपग्रेड करू नका. आणखी एक बदल लक्षात ठेवावा असा: खोडलेल्या फायलींची नोंद आता कायम राहत नाही, १५ महिन्यांनी ती काढून टाकली जाते. त्याहून जास्त काळ बंद असलेलं मशिन जोडलं तर जुन्या फायली परत येऊ शकतात. ही मुदत प्रोग्रॅम सुरू करताना द्यायच्या कमांड-लाइन पर्यायाने वाढवता येते. कपाटात जुना लॅपटॉप ठेवलेला असेल तर तो जोडण्याआधी त्यावरचं फोल्डर रिकामं करून, त्याला नवीन मशिन म्हणूनच जोडा.