तीनशे रुपयात नेत्यांची आवडती गाणी, मिसळ धरून

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एका जुन्या बंगल्यात रविवारी सकाळी रेकॉर्डी ऐकवायची बैठक असते, नाशिकमधे आता बऱ्याच जणांना माहिती झालीये. दर वेळी एक विषय असतो आणि या वेळचा होता राजकारण्यांची आणि राजकारणावर बोलणाऱ्यांची आवडती गाणी. नाव टाकत नाहीये कारण खाली जरा कुरकुर पण आहे आणि चालवणारे काका भला माणूस आहे, शोधणाऱ्याला बरोबर सापडेल. तिकीट ३०० रुपये, त्यात मिसळ आणि चहा. पैसे वसूल आहेत हे आधीच सांगून टाकतो, पण अर्धा कार्यक्रम जबरदस्त आणि अर्धा आपला ठीकठाक.

आवाजाबद्दल काही बोलायलाच नको. जुना टर्नटेबल, व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, कपाटाएवढे दोन लाकडी स्पीकर, आणि काका प्रत्येक रेकॉर्ड मखमलीच्या ब्रशने पुसून सुई टेकवायच्या आधी पंखा बंद करायला लावतात. का तर पंख्याचा आवाज येतो. ऐकायला भारी वाटतं पण सकाळी अकराला चाळीस माणसं एका हॉलमधे आणि पंखा बंद, तुम्हीच विचार करा. गाद्या पुढे आहेत, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी लवकर जाऊन मागच्या खुर्च्या पकडाव्यात.

फॉर्मॅट बीबीसीच्या डेझर्ट आयलंड डिस्क्सवरून उचललाय, हे काका स्वतःच सांगतात. १९४२ पासून चालू असलेला रेडिओ कार्यक्रम, पाहुण्याला विचारतात की एकट्याला बेटावर सोडलं तर कुठल्या आठ रेकॉर्डी बरोबर नेशील. तिकडचे बडे नेते त्यावर जाऊन आलेत, थॅचरबाई १९७८ ला गेल्या म्हणजे पंतप्रधान व्हायच्या आधीच, आणि डेव्हिड कॅमेरॉन २००६ ला गेला आणि त्याने द स्मिथ्स या बँडचं गाणं निवडलं. आता हा बँड म्हणजे मँचेस्टरच्या पोरांचा, थॅचरबाईंच्या नावाने बोटं मोडणारा, आणि हा त्याच बाईंच्या पक्षाचा नेता. पुढे २०१० मधे कॅमेरॉन पंतप्रधान झाल्यावर त्या बँडचा गिटारिस्ट जॉनी मार याने ट्विटरवर सरळ सांगून टाकलं की आम्ही तुला आवडतो असं म्हणणं बंद कर, मी तुला मनाई करतोय. अख्खा हॉल हसला. एका आजोबांनी विचारलं, अशी मनाई आपल्याकडे कोणी केली का कधी, तर काकांनी विषय बदलला.

परदेशातला भाग मात्र फार ताणला राव. ओबामांच्या उन्हाळ्यातल्या प्लेलिस्टवर बराच वेळ गेला, त्यात जुनं आहे नवीन आहे, जॅझ आहे रॅप आहे, प्रत्येकासाठी काहीतरी आहे, इतकी सगळ्यांना खूश करणारी यादी आपल्याकडे फक्त जाहीरनाम्यात असते. मग क्लिंटनने १९९२ च्या प्रचारात टीव्हीवर काळा गॉगल लावून सॅक्सोफोन वाजवला तो व्हिडिओ दाखवायचा होता पण वायफाय गंडलं, गोल गोल चकरी फिरत बसली. रेकॉर्डचा कार्यक्रम आहे तर रेकॉर्डच लावा ना, यूट्यूब घरी आहेच की.

त्यातला एकच किस्सा मला नवीन होता आणि तो नेत्याचा नाही, कॉलमवाल्याचा आहे. १९८४ मधे जॉर्ज विल नावाचा अमेरिकेतला मोठा उजवा स्तंभलेखक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या कॉन्सर्टला गेला, कानात कापूस घालून. खरंच, कापूस. आणि मग कॉलम लिहिला की हा बघा अस्सल अमेरिकन, कष्टाळू, रडगाणं न गाणारा. थोड्याच दिवसात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगननी न्यू जर्सीतल्या प्रचारसभेत स्प्रिंगस्टीनचं नाव घेतलं, तो तिथलाच. आणि तेव्हा गाजत असलेलं त्याचं बॉर्न इन द यूएसए हे गाणं कशावर आहे तर व्हिएतनामवरून परत आलेल्या आणि कुणी काम देत नाही अशा सैनिकावर. काकांनी ते लावलं, ध्रुवपदाला आधी सगळे माना डोलवत होते, मग त्यांनी थांबवून कडव्यांचा अर्थ मराठीत सांगितला आणि परत पहिल्यापासून लावलं. हे एक फार छान केलं त्यांनी. रात्री नऊच्या चर्चेत बसणारे आपले विश्लेषक पण असेच ऐकतात असं माझं आपलं मत.

चहानंतरचा भाग मात्र सोनं. काका विषय घेऊन थेट पंचवटीत आले. गांधीजींची रामधून आपण शाळेपासून म्हणतो, तिला चाल लावणारे म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं ते पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर शेवटची वर्षं आपल्या नाशिकला पंचवटीत आश्रम करून राहिले हे हॉलमधल्या किती जणांना माहिती होतं देव जाणे, मला तरी अर्धवटच माहिती होतं. दांडीयात्रेत गांधीजींबरोबर चालणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे हे पलुस्करांचेच शिष्य, आश्रम भजनावलीचं म्हणजे गांधीजींच्या आश्रमातल्या भजनांच्या पुस्तकाचं काम त्यांनी केलं. म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या नेत्याची आवड घडवणारं घराणं इथलं, रामकुंडावरून पायी जाता येईल इतकं जवळचं.

आणि पलुस्कर नुसते भजनीबुवा नव्हते. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसला ते वंदे मातरम् म्हणायला उभे राहिले तर अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी संगीताला हरकत घेतली, बुवांनी ऐकलं नाही, पूर्ण गाऊनच खाली बसले. नेत्यासमोर गाणाऱ्याने असं उभं राहायचं, आज कोणाची टाप आहे सांगा. मग काकांनी त्यांच्या मुलाची, बापूराव पलुस्करांची ७८ ची म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी लावली. हा माणूस १९२१ चा जन्म, वडील गेले तेव्हा दहा वर्षांचा आणि स्वतः १९५५ ला गेला, पुरता पस्तिशीचा पण नाही. तबकडीला खरखर होती, शेवटी तर सुई एका ठिकाणी अडकून तोच शब्द परत परत यायला लागला आणि कोणी हललं नाही, काकांनी बोटाने अलगद पुढे ढकलली. इथे पंखा बंद होता ते मला आठवलंसुद्धा नाही.

पुढे आलं ते पण इथलंच. २१ डिसेंबर १९०९, कलेक्टर जॅक्सन विजयानंद थिएटरात संगीत शारदा बघायला आला आणि अनंत कान्हेरेंनी तिथेच गोळ्या घातल्या. साहेब संस्कृत जाणणारा, मराठी नाटकाचा शौकीन, लोक पंडित जॅक्सन म्हणायचे. आणि त्याच वर्षी गाण्यापायी काळं पाणी पण झालं होतं, आपल्या नाशिकच्या कवी गोविंदांच्या म्हणजे पायाने अधू असलेल्या आबा दरेकरांच्या कविता छापल्या म्हणून बाबाराव सावरकरांना. म्हणजे एकाच गावात त्याच वर्षी सरकारी साहेबाची आवड नाट्यसंगीत आणि सरकार ज्याला घाबरतं ते पण गाणंच. हे काकांनी असं म्हटलं नाही, मला घरी येताना सुचलं, त्यांनी नुसत्या तारखा सांगितल्या आणि शारदामधलं पद लावलं.

बाबासाहेबांचा भाग थोडक्यात उरकला त्याचं वाईट वाटलं. ते व्हायोलिन शिकत होते हे सांगितलं, आणि आपल्या नाशिककडच्या भीमराव कर्डकांच्या जलशाबद्दल म्हणजे बाबासाहेबांचे विचार गाण्यातून सांगणाऱ्या कार्यक्रमाबद्दल, की माझी दहा भाषणं एकीकडे आणि तुमचा एक जलसा एकीकडे असं ते म्हणाल्याचं जुने लोक सांगतात. बस एवढंच. अहो, काळाराम मंदिराचा सत्याग्रह इथला, २ मार्च १९३० ला सुरू झालेला, भीमगीतं लिहिणारे लोककवी वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, आणि तुम्ही ओबामांना एवढा वेळ देता आणि वामनदादांचं एकपण गाणं लावत नाही? मी उठून विचारलं तर म्हणाले रेकॉर्ड नाही माझ्याकडे. मागच्या खुर्चीवरच्या एका मावशींनी मग बसल्या जागी दोन ओळी म्हटल्या, माईक नाही काही नाही, शेजारच्या पोरीने मांडीवर ठेका धरला. माझ्या मते या दोन ओळींचंच तिकीट होतं. काकांनी पुढच्या वेळी मावशींना पुढे बसवावं ही नम्र विनंती.

राज ठाकरेंचा विषय निघणारच होता, मूळ नाव स्वरराज, वडील श्रीकांतजी संगीतकार, रफीसाहेबांकडून मराठीत गाऊन घेणारे, लहानपणी घरात तबला गिटार व्हायोलिन सगळ्याचं शिक्षण. श्रीकांतजींच्या चालीवरचं रफींचं गाणं लागलं तेव्हा पहिल्यांदाच सगळा हॉल बरोबर गुणगुणायला लागला. आणि गाणं संपतं ना संपतं तोच २०१२ ते २०१७ महापालिकेत मनसेने काय केलं आणि गोदापार्कचं काय झालं यावरून दोघांची जुंपली. काकांनी आवाज चढवला, स्वतःचा नाही, ॲम्प्लिफायरचा. हा उपाय मला फार आवडला, चॅनेलवाल्यांनी शिकण्यासारखा आहे. अटलजींच्या कविता जगजितसिंगांनी गायल्या त्या २००२ च्या अल्बममधलं पण एक लावलं, ऐकायला छानच, पण स्वतःच्याच कविता गाऊन घेतल्या तर ती आवडती गाणी कशी धरायची, हे मला पटलं नाही.

शेवटी पाहुणे दोन. एक विश्लेषक, स्थानिक चॅनेलवर दिसतात, नाव नको. त्यांनी आठच्या आठ शास्त्रीय सांगितली, त्यात कुमारजींची म्हणजे कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं रोज सकाळी ऐकतो म्हणाले. पुढच्या गादीवरच्या एका कॉलेजच्या पोराने साधं विचारलं, सर त्यातलं सगळ्यात आवडतं कुठलं. सर म्हणाले सगळीच. पोरगं म्हणालं नाही पण एक. सर म्हणाले कुमारजींमधे अशी निवड करणं म्हणजे अन्याय आहे आणि मग राज्याच्या सध्याच्या राजकीय परिस्थितीवर घसरले. त्या पोराला चहा एक्स्ट्रा मिळायला पाहिजे होता.

दुसरे पाहुणे माजी नगरसेवक, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलायला उभे राहिले आणि मोबाईल वाजला, रिंगटोन स्वतःच्याच मागच्या निवडणुकीचं प्रचारगीत, त्यात स्वतःचंच नाव. न लाजता कट केला. आवडतं संगीत विचारल्यावर म्हणाले आपल्याला दोनच आवडतात, एक नाशिक ढोल आणि तो पण मिरवणूक आपली असेल तर, दुसऱ्याच्या मिरवणुकीतला डोक्यात जातो. दुसरं विचारलं तर जरा थांबले आणि म्हणाले आमची आई दळताना ओव्या म्हणायची, त्यातली एक येते अर्धी. म्हणा म्हटलं तर नाही म्हणाले, खूप आग्रह केला तरी नाही म्हणाले. त्यांचा पक्ष मला पटत नाही, मत मी दिलेलं नाही आणि देणार पण नाही, पण अख्ख्या सकाळीत आवडतं म्हणजे काय ते त्यांनाच कळलं होतं असं मला वाटलं.

मिसळ काळ्या मसाल्याची, रस्सा झणझणीत, पापड दही बरोबर, मटकी जरा कच्ची होती आणि पाव दुसऱ्यांदा मागितला तर वीस रुपये वेगळे घेतले हे तिकिटात सांगायला पाहिजे होतं. चहा उत्तम, आल्याचा. पार्किंगचा आनंद आहे, गल्ली अरुंद, चारचाकी नेऊच नका, एक गाडी आडवी लागली तर निघताना सगळ्यांची रांग होते आणि तशी झालीच. बुकिंग व्हॉट्सॲपवर, पैसे आधी युपीआयने, आयत्या वेळी आलात तर उभं राहावं लागतं. लहान मुलं नेऊ नका, काका ओरडत नाहीत पण बघतात. पुढची बैठक शाहिरांवर आहे म्हणे, मी मावशींचा नंबर काकांना मिळवून दिलाय, बघू बोलावतात का.