अर्ध्या ओळीचा व्हिडिओ

जुना टाइपरायटर घेताना मला मामा बनवलं गेलं. गंमत अशी की बनवणाऱ्या माणसाने सुरुवातीला माझ्या प्रश्नांना एकही खोटं उत्तर दिलं नाही. सरळसरळ थापा मारल्या असत्या तर मी वेळीच सावध झालो असतो.

जाहिरातीत होतं : 'साठ वर्षं जुना पोर्टेबल, संपूर्ण सर्व्हिस केलेला, घ्या आणि टाइप करा.' फोटोत रंग नवा कोरा. सोबत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. खट खट खट, अक्षरं उमटतायत, हात कॅरेज (कागद धरून सरकणारा वरचा भाग) सारतोय, पुन्हा खट खट. तो आवाज ऐकूनच मी पाघळलो. खोक्यात मशीनबरोबर एक टाइप केलेलं स्वागतपत्रही निघालं : 'हे पत्र तुमच्याच मशीनवर टाइप केलं आहे.' खाली तारीख. अक्षरं एकसारखी, ओळी सरळ. मी ते कौतुकाने भिंतीवर लावलं.

पहिल्याच दिवशी कॅरेज जागचं हलेना. मी घाबरून मेसेज केला. दोन मिनिटांत उत्तर : 'प्रवासात हलू नये म्हणून लॉक लावलंय सर, बाजूचा खटका ओढा.' ओढला, सुटलं. मग कागदावर शाईच उमटेना. 'रिबनचा, म्हणजे शाईच्या फितीचा, खटका पांढऱ्या ठिपक्यावर असेल. ती जागा स्टेन्सिल, म्हणजे प्रती काढायचा मेणकागद, कापायची, तिथे रिबन वर उचललीच जात नाही.' बरोबर! तिसऱ्या दिवशी मी जरा तावातच कळवलं, की एकच्या आकड्याची कीच गायब आहे, आकडे दोनपासून सुरू होतात. त्याने हसरा चेहरा पाठवला. 'जुन्या बऱ्याच मशीनवर एक नसतोच सर. त्या जागी छोटा एल मारतात. उद्गारचिन्ह नसेल तर अपॉस्ट्रॉफी मारा, एक घर मागे या आणि त्याखाली पूर्णविराम द्या.' हेही खरं. मला माझीच लाज वाटली.

कागद रोलरवर घसरतो म्हटल्यावर म्हणाला, मागे आणखी एक कागद लावा. उपाय चांगला आहे, मी आजही तसंच करतो. मागच्या कागदाने रोलरलाही मार कमी बसतो आणि आवाजही कमी होतो. पण रबर वयाने कडक आणि गुळगुळीत झालं की कागद घसरतो, आणि 'संपूर्ण सर्व्हिस' केलेल्या मशीनचा रोलर असा कसा, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही. तोवर तो माझ्या लेखी गुरू झाला होता.

खरं दुखणं पुढे सुरू झालं. ओळीचा पहिला भाग झकास उमटायचा. मध्याच्या पुढे गेलं की कॅरेज रेंगाळायचं आणि अक्षरांवर अक्षरं चढायची. कधी तीन अक्षरं एकाच जागी. मी विचारलं. उत्तर आलं : 'तुमचा हात कॉम्प्युटरचा आहे सर. की दाबून ठेवू नका, टिचकी मारून सोडा. हात बसायला पंधरा दिवस लागतात.' टिचकीचा सल्लासुद्धा चुकीचा नव्हे. मॅन्युअल मशीनवर की दाबायची नसतेच, ठोकून सोडायची असते. मी रोज तासभर ठोकत बसलो. मशीन परत करायची मुदत होती दहा दिवसांची.

तिसऱ्या आठवड्यात अक्षरांच्या काड्या वर जाऊन तिथेच अडकू लागल्या. त्याला पुन्हा मेसेज केला. या वेळी दोन मिनिटं नाही, दोन दिवस लागले : 'जुनी वस्तू आहे, एवढं चालायचंच.' 'सर' गेलं होतं.

शेवटी जुनी टाइपयंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका काकांना गाठलं. त्यांनी मशीन उलटं केलं आणि मला जवळ बोलावलं. कॅरेजला डावीकडे ओढते ती मागच्या गोल डबीत गुंडाळलेली स्प्रिंग. डबीपासून कॅरेजपर्यंत एक दोरी असते. आपण कॅरेज उजवीकडे सारतो तेव्हा स्प्रिंगला पीळ बसतो आणि मग दर अक्षराला दातेरी यंत्रणा कॅरेजला एकेक घर सोडत जाते. माझ्या मशीनमध्ये स्प्रिंग तुटलेली होती. त्या जागी कॅरेजला बांधलं होतं चक्क कपड्यात घालतात ते इलॅस्टिक!

ओळीच्या सुरुवातीला कॅरेज उजव्या टोकाला, इलॅस्टिक पूर्ण ताणलेलं, म्हणून ओढ जोरकस. कॅरेज डावीकडे सरकेल तसं ते सैल पडणार. घरी येऊन मी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. प्रत्येक ओळ वीसेक अक्षरांत संपत होती आणि हात लगबगीने कॅरेज मागे नेत होता. ओळ संपत आली की वाजणारी घंटी एकदाही वाजलेली नव्हती.

काड्या अडकण्याचं कारण तेल. त्या ज्या अर्धगोल पट्टीच्या खाचांत बसतात ती पट्टी कोरडी ठेवायची असते. अडकलेल्या काड्यांवर तेलाचा फवारा मारला की त्या झटक्यात मोकळ्या होतात, व्हिडिओपुरत्या. मग तेलात धूळ बसते, तेल चिकट होतं आणि आधीपेक्षा वाईट अवस्था होते. काकांनी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या ब्रशने खाचा तीन वेळा धुतल्या, खिडक्या उघड्या ठेवून, आणि रंगाला थेंब लागू न देता, कारण स्पिरिट रंग खातं. म्हणजे तो नवा कोरा रंग. त्याखाली स्क्रूच्या खाचाही भरून गेल्या होत्या. मशीन खोलून सर्व्हिस केलं असतं तर तिथे स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे दिसले असते. वर सीरियल नंबरवरही रंगाचा थर, त्यामुळे 'साठ वर्षं' कशावरून, तेही कळायला मार्ग नाही.

तुम्ही घेणार असाल तर फोटोवर जाऊ नका. डावीकडच्या मार्जिनपासून घंटी वाजेपर्यंत सलग एक ओळ टाइप करताना दाखवायला सांगा, मध्ये न थांबता. सगळ्या की, शिफ्टसकट. मशीन उलटं करून खालून. रिबन एका टोकाला संपल्यावर आपोआप उलटी फिरते का तेही. आणि नमुन्याच्या कागदावर तुम्ही सांगाल तो शब्द टाइप करून घ्या, कॅमेऱ्यासमोर. आल्यावर पहिल्याच दिवशी हे सगळं स्वतः करा, आणि प्रश्न विचारत बसण्याआधी परतीची तारीख लिहून ठेवा. गोड उत्तरं देणाऱ्याला माझे दहाच दिवस हवे होते.

स्वागतपत्राकडे माझं लक्ष सगळ्यात शेवटी गेलं. तारखेत एकचा आकडा होता. छोटा एल नव्हे, चांगला चोच असलेला, वेगळा एक. माझ्या मशीनवर तो नाहीच, हे त्यानेच मला हसत समजावलं होतं. मग पट्टी लावली. पत्रात इंचाला १२ अक्षरं, माझं मशीन मारतं १०. हे अंतर आतल्या दात्यांवर ठरतं, मशीनवर कुठलाही खटका फिरवून ते बदलत नाही. दोन्ही कागदांचे फोटो त्याला पाठवले. वाचल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. पैसेही नाहीत.

गेल्या आठवड्यात त्याची नवी जाहिरात दिसली. मशीन दुसरं, रंग दुसरा. व्हिडिओ मी मोजून पाहिला. सर्वांत लांब ओळ एकोणीस अक्षरांची आहे.