अर्धवट रिस्टोअर केलेली एफसी-150 पिकअप घेण्याआधी हे तपासा

जुन्या पिकअपमध्ये सगळ्यात धोकादायक सौदा गंजक्या गाडीचा नसतो. गंज निदान डोळ्यांना दिसतो. धोका असतो तो "ऐंशी टक्के काम झालंय, फक्त फिनिशिंग बाकी" असं सांगून विकायला काढलेल्या, ताज्या प्रायमरमधल्या गाडीत. दुरुस्तीसाठी उघडायला आलेल्या अशाच एका महिंद्रा एफसी-150 मध्ये जे निघालं, ते इथे मांडतो आहोत. मालकाला ती "ओरिजिनल पेट्रोल, फोर बाय फोर, विंटेज नंबर (जुन्या गाड्यांची खास नोंदणी) नक्की मिळेल" असं सांगून विकली होती.

केबिन इंजिनावर बसवलेली ही गाडी मूळची विलीजची. 1956 च्या अखेरीस ती अमेरिकेत आली आणि पुढे महिंद्राने इथे बनवली. 2199 सीसीचं चार सिलिंडरचं हरिकेन पेट्रोल इंजिन, तीन गिअरचा टी-90 गिअरबॉक्स, डाना 18 ट्रान्स्फर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलना वाटणारा डबा). एवढं माहीत असलं तरी निम्मी लबाडी गाडीखाली वाकल्यावर कळते.

आधी पत्रा. फ्लोअरवर लोखंडी जाळी टाकून वर लांबीचा (पुट्टीचा) जाड थर ओढला होता आणि त्यावर रेड ऑक्साइड प्रायमर मारला होता. केबिन ज्या माउंटिंगवर बसते तिथला पत्रा बोटाने दाबला तरी खचत होता. साधं चुंबक कागदात गुंडाळून दाराचा खालचा काठ, पायरी, वायपरखालची पट्टी आणि पावसाची पन्हळ यांवर फिरवा. जिथे पकड सुटते तिथे पुट्टी आहे. चॅसिसच्या दोन्ही बाजूंनी पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर मोजा. एफसी-150 चा व्हीलबेस 81 इंच, म्हणजे साधारण 2057 मिमी. दोन्ही बाजूंच्या मापांत फरक आला तर चॅसिस वाकलेली तरी आहे किंवा जोडलेली तरी. या गाडीच्या चॅसिसची उजवी रेल (लांब तुळई)  कापून आतून पट्टी मारली होती आणि वेल्डिंगवर ग्राइंडर फिरवून काळा रंग दिला होता.

आता एक्सल. पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्स्फर केसपासून एक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा) काढून ठेवलेला होता. "जॉइंट वाजतो म्हणून काढलाय" हे विक्रेत्याचं उत्तर. खरं कारण वेगळं निघालं: पुढे 5.38 चं क्राउन-पिनियन (एक्सलमधली दातेरी चाकांची जोडी; 5.38 म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 5.38 फेरे) आणि मागे दुसऱ्या गाडीचं 4.88 चं. डाना 18 मध्ये मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या शाफ्टना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी जोडणी) नसतो, त्यामुळे फोर बाय फोर लावल्यावर दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. रेशो वेगळे असले की डांबरी रस्त्यावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी झगडतात आणि जॉइंट किंवा ट्रान्स्फर केसचे गिअर तुटतात. हे तपासायला पाच मिनिटं पुरतात. बाकी चाकांना ठोकळे लावा, गिअर न्यूट्रलला टाका, हँडब्रेक सोडा (तो प्रोपेलर शाफ्टवरच काम करतो, म्हणून आधी ठोकळे). एकच चाक जॅकवर उचला, शाफ्टवर खडूची खूण करा आणि चाक दोन पूर्ण फेरे फिरवा (दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असल्याने एका फेऱ्यात निम्माच रेशो येतो). शाफ्टचे जितके फेरे होतील तो रेशो. 5.38 ला पाच फेरे आणि वर एक तृतीयांशाहून थोडं जास्त येतं, 4.88 ला पाचलाही थोडं कमी पडतं. पुढच्या एक्सलला पिनियनच्या फ्लँजवर (शाफ्ट जिथे जोडतात त्या चकतीवर) खूण करून हेच करा.

इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर थांबा, थंड झाल्यावर चालू करायला लावा. घट्ट गिअर ऑइल भरून धूर आणि बेअरिंगचा आवाज दाबता येतो. चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. चार सिलिंडरमध्ये 10 पीएसआयपेक्षा जास्त तफावत नको. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. इंजिन नंबर ब्लॉकच्या पुढे, वॉटर पंपाजवळच्या सपाट जागेवर ठोकलेला असतो. तिथे घासल्याचे ओरखडे दिसले तर सौदा तिथेच सोडा.

सगळ्यात मोठी फसवणूक कागदाची. चॅसिस नंबरची धातूची पट्टी पॉप रिव्हेटने बसवलेली होती आणि चॅसिसवरचा नंबर घासून पुन्हा ठोकलेला. आरसी भंगारात गेलेल्या दुसऱ्याच गाडीची. अशी गाडी जप्त होऊ शकते, आणि तेव्हा ती तुमच्या अंगणात असते. टोकन देण्याआधी चॅसिस नंबरची पेन्सिलने छाप घ्या, आरसीशी अक्षर न् अक्षर ताडा, सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर नोंद पाहा. नोंद नसेल तर ती विक्रेत्यालाच आरटीओत करून घ्यायला सांगा.

विंटेज नंबरचं आमिष वेगळंच आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार त्यासाठी गाडी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी आणि खासगी वापराची लागते, शिवाय चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये आणि मुदत 10 वर्षं. त्यानंतरही रोजच्या कामाला गाडी काढता येत नाही: प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढंच. पिकअपच्या आरसीवर बहुतेकदा मालवाहू असंच लिहिलेलं असतं, म्हणून "नक्की मिळेल" या शब्दावर पैसे देऊ नका. आरटीओकडून लेखी विचारून घ्या.

गॅरेजला एकरकमी रक्कम देणं हीदेखील अशीच वाट आहे. गाडी उघडण्याआधी कार्ब्युरेटर, डायनॅमो, ट्रान्स्फर केस, एक्सल यांचे कास्टिंग नंबर (ओतीव भागावर उमटलेले आकडे) दिसतील असे फोटो काढा, दोन प्रतींत यादी करून दोघांनी सह्या करा. पैसे टप्प्याने द्या: चॅसिस ब्लास्टिंग (माऱ्याने जुना रंग-गंज काढणं) झाल्यावर, प्रायमरच्या आधी स्वतः पाहून, मग पुढचा हप्ता. प्रायमर लागला की आतलं वेल्डिंग दिसत नाही.